टोपणनावाच्या आडोशाला काउबॉय

स्पेनमधली रहस्यकथालेखिका कार्मेन मोला ही बाई नसून तीन पटकथालेखक बाप्ये आहेत, यावर 2021 मध्ये सगळ्यांचं हसून झालं. बार्सिलोनात प्लानेता या कादंबरी पुरस्काराचे 10 लाख युरो घ्यायला तिघेही व्यासपीठावर चढले, तिथे साक्षात स्पेनचा राजा हजर. टोपणनाव आता असं विकायला काढायची वस्तू झालं आहे. मला मात्र 1984 साली हाच पुरस्कार मिळवणारा फ्रान्सिस्को गोन्सालेस लेदेस्मा आठवतो.

हा बार्सिलोनाच्या पोब्ले सेक या कामगारवस्तीतला पोरगा. 1948 मध्ये, जेमतेम एकविशीत, त्याच्या ‘सोम्ब्रास बिएखास’ कादंबरीला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परीक्षकांत सॉमरसेट मॉम. हुकूमशहा फ्रँकोच्या सेन्सॉरने लेखकावर ‘लाल’ आणि ‘अश्लील’ असे दोन शिक्के मारले आणि पुस्तक कित्येक दशकं दाबलं गेलं. मग टोपणनाव घेऊन ‘सिल्व्हर केन’ जन्माला आला. ब्रुगेरा प्रकाशनासाठी या केनने शेकडो काउबॉयकथा पाडल्या, भराच्या काळात जवळजवळ आठवड्याला एक.

खिशात मावेल असं शंभरेक पानांचं पुस्तक, भडक मुखपृष्ठ, जागा वर्तमानपत्राच्या टपरीवर. वाचून झालं की तेच टपरीवाल्याला परत द्यायचं, वर थोडी चिल्लर टेकवायची आणि दुसरं न्यायचं. हातोहात फिरून पानं मऊ पडत. लेखकाचं नाव अमेरिकी वाटणारंच हवं; गोन्सालेसच्या हातातलं पिस्तूल कोण खरं मानणार?

या आडोशाला तो एकटा नव्हता. एदुआर्दो दे गुस्मान हा प्रजासत्ताकवाद्यांच्या बाजूचा नावाजलेला पत्रकार. स्पेनच्या यादवीनंतर त्याला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे रद्द झाली, पण पत्रकारिता बंद. तोही एडवर्ड गुडमन होऊन बंदूकबाजांच्या गोष्टी लिहीत राहिला.

समीक्षक याला पोटासाठीची हमाली म्हणतात. असेलही; आपल्याकडे चंद्रकांत सखाराम चव्हाणांनी ‘बाबुराव अर्नाळकर’ या नावाने रहस्यकथांचा डोंगर रचला, त्यांनाही समीक्षेने दारातच उभं ठेवलं. पण माझा संशय वेगळा आहे. बार्सिलोनाचा पोलीस लाचखोर दाखवायची सोय नव्हती. टेक्सासचा शेरीफ हवा तेवढा लाचखोर चालत असे. जमीन बळकावणारा मालक, विकलेला न्यायाधीश, एकटा पडलेला माणूस, सगळं अॅरिझोनात नेऊन ठेवलं की झालं. पुढे लेदेस्माने स्वतःच्या नावाने इन्स्पेक्टर मेंदेसच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यातला थकलेला, गरिबांच्या गल्ल्यांत रमणारा पोलीस मला तरी केनच्याच शाळेत शिकलेला वाटतो. तुरुंगात टाकण्यापेक्षा सोडून देण्याकडे त्याचा कल जास्त.

फ्रँको 1975 मध्ये गेला, सेन्सॉरही गेला, पुरस्कार आले, नाव झालं. तरी 2010 मध्ये, वयाच्या 83व्या वर्षी, लेदेस्माने आणखी एक वेस्टर्न लिहिली. मुखपृष्ठावर नाव होतं सिल्व्हर केन.