भिंतीपलीकडची रेंज

पुण्यात वाकड-हिंजवडीकडे किंवा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर नव्या इमारतीत राहायला गेलेल्या कुटुंबांची एक तक्रार ठरलेली असते. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर दिसतो, गॅलरीत फोनवर चार काड्या असतात आणि आतल्या बेडरूममध्ये पाऊल टाकलं की ‘हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय’ सुरू. बँकेचा ओटीपी घ्यायला जिन्यात जावं लागतं. गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून कोड मागतो आणि तो कोड अजून फोनपर्यंत पोचलेलाच नसतो. दिवसभर घरी असणारे आजी-आजोबा हॉलमधल्या एका ठरावीक खुर्चीतच फोन घेऊन बसतात, कारण ‘तिथेच लागतो’.

यात नशिबाचा भाग नाही. रेंज नसण्याला कारण असतं, ते बहुतेक वेळा शोधता येतं आणि सापडलं की पुष्कळदा पैसे न खर्चता वाटही निघते.

पहिलं कारण घराच्या भिंतीतच असतं. पूर्वी इमारतीचे खांब आणि तुळया काँक्रीटच्या असत, मधल्या भिंती विटांच्या. विटेतून मोबाइलची लहर थोडी अशक्त होते, पण पार होते. अलीकडे मोठ्या गृहप्रकल्पांत ‘मिवान’ पद्धत रूढ झाली आहे. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओतले जातात. काम झपाट्याने होतं, भिंती सरळ येतात, गिलाव्याचा खर्च वाचतो. मात्र या पद्धतीत घराची जवळजवळ प्रत्येक भिंत पोलादी जाळी घातलेल्या काँक्रीटची होते. अशी एक जाड भिंत लहरीची शक्ती दहापट ते शंभरपट घटवू शकते. हॉलची भिंत ओलांडून मग बेडरूमची ओलांडायची म्हटल्यावर आत काय उरणार? लहरींना मोकळी वाट उरते ती खिडक्यांची. तिथेही उष्णता अडवणारी, धातूचा अतिपातळ थर दिलेली काच बसवली असेल, तर ती काचही भिंतीसारखीच वागते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, लिफ्टची पेटी हे सगळे त्याच कुळातले.

उंच मजल्यांची अडचण आणखी निराळी. टॉवरवरचे अँटेना किंचित खाली झुकवलेले असतात, कारण त्यांना रस्ता आणि आसपासची घरं सांभाळायची असतात. पंचविसाव्या मजल्यावर त्यांचा मुख्य झोत पोचतच नाही. उलट तिथून दूरदूरचे अनेक टॉवर एकाच वेळी ‘दिसतात’, फोन कधी याला तर कधी त्याला धरतो आणि सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस मोठ्याने बोलत असूनही शब्द कळत नाहीत, तशी त्या फोनची गत होते. काड्या भरपूर आणि बोलणं मात्र अशक्य, याचं एक कारण हे.

मुळात काड्यांवर फार विसंबू नये. किती शक्तीला किती काड्या दाखवायच्या याचं सर्व कंपन्यांना लागू असं प्रमाण नाही, प्रत्येक फोनचा हिशेब वेगळा. २०१० साली आयफोन ४ हातात विशिष्ट तऱ्हेने धरला की रेंज पडते म्हणून गदारोळ उठला, तेव्हा ॲपलने जाहीर केलं की काड्या मोजण्याचं आपलं सूत्रच चुकीचं होतं आणि कित्येक ठिकाणी फोन असायला हव्यात त्यापेक्षा दोन काड्या जास्त दाखवत होता.

खरा आकडा फोनच्या पोटात असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि तिथे ‘सिम स्टेटस’ उघडलं की उणे चिन्ह असलेली एक संख्या दिसते, तिच्यापुढे डीबीएम लिहिलेलं असतं. ४जीवर उणे ८५च्या आसपास म्हणजे चांगली रेंज, उणे १००ला काम भागतं, उणे ११५च्या पुढे कॉल तुटायला लागतात. इथे दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक. खिडकीशी उणे ८५ आणि आतल्या खोलीत उणे ११० दिसलं, तर मधल्या पंचवीसच्या फरकाचा अर्थ आत येईपर्यंत शक्ती तीनशेपटीहून कमी झाली. फोन हातात घेऊन, वाय-फाय बंद ठेवून, खोलीगणिक जरा थांबत घरभर फिरलं की घराचा नकाशा हातात येतो. खिडकीशीही आकडा वाईट असेल तर दोष बाहेर, टॉवरच्या अंतरात. खिडकीशी उत्तम आणि आत वाईट असेल तर दोष भिंतीचा. आणि त्याच जागी, त्याच कंपनीचं सिम घातलेला दुसरा फोन नीट चालत असेल तर फोनच तपासायला हवा. हा निवाडा आधी झाला पाहिजे. तो न करता लोक थेट नवा फोन घेतात आणि तोही त्याच खुर्चीत बसून वापरतात.

खुर्चीच्या गोष्टीतही तथ्य आहे. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १७ सेंटिमीटर. भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी खोलीत एकमेकींवर आदळतात, कुठे जोर धरतात, कुठे एकमेकींना मारतात. त्यामुळे फोन वीतभर सरकवला तरी चित्र पालटू शकतं. आजोबांनी अनुभवाने शोधलेली जागा लहरींच्या गणितालाही मान्य असते.

‘जुन्या नोकियावर कशी फुल्ल रेंज यायची’ हेही नुसतं स्मरणरंजन नव्हे. ३१ जुलै १९९५ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या पिढीची सेवा ९०० मेगाहर्ट्झवर चालायची आणि तेव्हाच्या हँडसेटला बोलताना क्षणभर २ वॅटपर्यंत जोर लावण्याची मुभा होती. आजचा ४जी फोन सहसा ०.२ वॅटच्या वर जात नाही. टॉवरची ताकद त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे टॉवरचा आवाज फोनला ऐकू येतो, पण फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही. ‘मला तुझं ऐकू येतंय, तुला माझं येत नाहीये का?’ या वाक्याचा उगम बऱ्याचदा इथे आहे.

वारंवारता जितकी जास्त, तितकी लहर भिंतीशी लवकर हरते. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी घरात खोलवर शिरतात, १८०० आणि २१००च्या मध्यम, २३००च्या आणखी नाजूक. १ ऑक्टोबर २०२२ला देशात ५जी सुरू झालं, त्याची वेगवान सेवा मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात आहे. गॅलरीत ती सुसाट धावते, आतल्या खोलीत धाप टाकते. त्या धडपडीत फोन कधी ५जी, कधी ४जी धरत बसतो, गरम होतो, बॅटरी खातो. अशा घरात फोनची पसंती ४जीवर ठेवून पाहावी, कित्येकांचा त्रास तेवढ्याने कमी होतो. कोणत्या कंपनीकडे कोणता पट्टा आहे, हे सर्कलप्रमाणे, म्हणजे दूरसंचार सेवेच्या विभागाप्रमाणे बदलतं. मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो. मुंबईत उत्तम चालणारं सिम मालवणला किंवा काणकोणला तसंच चालेल, असं धरून चालू नये.

आता उपायांकडे. ज्या घरात फायबरचं इंटरनेट आहे, त्या घरासाठी सगळ्यात चांगला उपाय फोनमध्ये आधीपासूनच असतो आणि तरीही असंख्य घरांत तो बंद पडलेला आढळतो. त्याचं नाव वाय-फाय कॉलिंग. २०१८मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांत बदल करून त्याची वाट मोकळी केली, डिसेंबर २०१९मध्ये एअरटेलने आणि जानेवारी २०२०मध्ये जिओने ही सेवा आणली. फोन टॉवर शोधण्याऐवजी घरच्या राउटरवरून कंपनीच्या यंत्रणेशी जोडला जातो. नंबर तोच, डायल करण्याची रीत तीच, पलीकडच्या माणसाला काही वेगळं करावं लागत नाही, वेगळं ॲपही नको. अनेक फोनवर एसएमएसही याच वाटेने येतात, म्हणजे ओटीपीसाठी जिना गाठणं संपलं. सिमच्या सेटिंग्जमध्ये वाय-फाय कॉलिंगची कळ चालू करायची, निवड विचारली तर ‘वाय-फायला प्राधान्य’ द्यायचं, एवढंच काम. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळी कळ असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वीज गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की फोन मुका, म्हणून राउटरला लहान यूपीएस लावावा. तळहाताएवढी ही डबी राउटरला काही तास तगवते. आई-वडील एकटे राहत असतील त्या घरात ही वस्तू टीव्हीच्या आधी घ्यावी.

या साध्या उपायाआधी लोकांची नजर जाते ती ‘सिग्नल बूस्टर’कडे. गच्चीवर एक अँटेना, घरात दुसरा, मध्ये एक पेटी. काड्या लगेच वाढतात. पण भारतात परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणीही बूस्टर किंवा रिपीटर बाळगणं, विकणं आणि वापरणं बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०२२मध्ये जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं. नियम कडक असण्याचं कारण शेजाऱ्यांत आहे. स्वस्त बूस्टर आवाजाबरोबर खरखरही वाढवतो आणि ती थेट टॉवरच्या कानात ओततो. बाहेरचा नि आतला अँटेना एकमेकांचं ऐकू लागले तर पेटी शिट्टी मारल्यासारखी अखंड बरळत राहते. मग त्या टॉवरला आसपासच्या दुबळ्या फोनचे आवाज ऐकूच येत नाहीत. एका घराच्या काड्या वाढतात आणि गल्लीतल्या कुणाचा तरी रुग्णवाहिकेला केलेला फोन लागत नाही. ज्यांनी बूस्टर बसवला असेल त्यांनी तो उतरवावा, यात दुसरं मत नाही.

मोठ्या संकुलात खरा मार्ग सोसायटीतून जातो. कंपन्या इमारतीच्या आतच लहान अँटेनांचं जाळं टाकू शकतात. तळघरातल्या पार्किंगला आणि मिवानच्या उंच इमारतींना याहून टिकाऊ उपाय नाही. अडतं ते वाटाघाटींवर. काही ठिकाणी एकाच कंपनीला आत येऊ दिलं जातं, काही ठिकाणी भाड्यावरून बिनसतं. मुंबईच्या भुयारी मेट्रो-३च्या प्रवाशांनी हा ताप मोठ्या प्रमाणावर सोसला. आतली यंत्रणा कोणी उभारायची आणि कोणत्या अटींवर, यावरून कंपन्या आणि मेट्रो यांचं जमेना, आणि स्थानकात उतरलेल्या माणसाला यूपीआयने तिकीट काढणंही जड गेलं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२४मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारे देण्याची नियमावली काढली. ती ऐच्छिक आहे, पण पाण्याची वेळ आणि पार्किंग विचारणाऱ्या ग्राहकाने बिल्डरला याबद्दलही विचारायला काय हरकत आहे?

गच्चीवरच्या टॉवरला होणारा विरोध हा या विषयाचा हळवा कोपरा. घरात लहान मुलं असताना आई-बापांना रेडिएशनची काळजी वाटणं स्वाभाविक आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. म्हणून काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. १ सप्टेंबर २०१२पासून टॉवरच्या रेडिएशनची भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. मे २०१७मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर आपल्या भागातले टॉवर पाहता येतात आणि ४००० रुपये भरून घरी मोजणीही करून घेता येते. आणखी एक, टॉवर दूर गेला की फोन जोर वाढवतो, आणि फोन कानाला लावलेला असतो.

कोकणात प्रश्नाचं रूप बदलतं. जांभ्याच्या जाड भिंती, पावसाने चिंब झाडी, आणि मुळात वाड्या खोलगट भागात, टॉवर सड्यावर. तिथे घराच्या आतल्या रेंजची चर्चा करण्याआधी गावात रेंज हवी. २०२०च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातली पशुवैद्यकीय शाखेची एक विद्यार्थिनी भर पावसाळ्यात डोंगरावर भावांनी बांधून दिलेल्या खोपीत बसून मुंबईच्या कॉलेजचे ऑनलाइन तास करत होती. बातम्या आल्यावर तिच्या घरापर्यंत इंटरनेट पोचलं. सगळ्यांची बातमी होत नाही. जुलै २०२२मध्ये केंद्र सरकारने देशातल्या २४,६८० जोडणीविना राहिलेल्या गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलकडे सोपवलं. आपल्या गावाचं नाव त्यात आहे का, टॉवरची जागा ठरली का, हे ग्रामसभेत विचारण्यासारखे प्रश्न आहेत.

शहर असो वा गाव, तक्रार नोंदवताना तिचा क्रमांक घ्यावा. उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येतं आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे, फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्वाळा दिला. ‘ट्राय’च्या २०२४च्या नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे द्यावे लागतात. कंपनी बदलायचीच तर आधी शेजाऱ्याच्या सिमवर आपल्याच आतल्या खोलीत, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी आकडा पाहावा, मगच १९००वर ‘पोर्ट’चा संदेश धाडावा. एकदा बदललं की पुढचे ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही.

पाऊस पडला की रेंज जाते, असं सर्रास म्हटलं जातं. मोबाइलच्या लहरींना पावसाच्या थेंबांचा फारसा अडसर नसतो. जाते ती टॉवरची वीज, संपते ती त्याची बॅटरी, तुटते ती दरडीखाली आलेली फायबर. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर श्रीवर्धन-दिवेआगर भागातली कित्येक घरं दिवसच्या दिवस नातेवाइकांशी बोलू शकली नाहीत. आता अशा आपत्तीत दूरसंचार विभाग एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर जाण्याची मुभा देऊ शकतो, आणि २०२४च्या चक्रीवादळांत पूर्व किनाऱ्यावर तशी ती दिलीही गेली. त्याचा लाभ मिळावा म्हणून किनाऱ्यावरच्या घरांनी मे अखेरीस फोनमधली नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’वर आहे ना, हे पाहून ठेवावं, आणि गावच्या आजी-आजोबांच्या फोनवरही ती स्वतः तपासावी.