पट, हजेरी आणि वाचन : जबलपूर जिल्ह्याच्या संदर्भात अक्षरमापनाच्या संहितेचा विचार

मुलाचे नाव शाळेच्या पटावर असणे, मूल प्रत्यक्ष शाळेत असणे आणि समोर ठेवलेला मजकूर त्याला वाचता येणे या तीन भिन्न गोष्टी होत. ‘मुलगा शाळेत शिकतो’ या साध्या विधानात मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा त्या एकत्र करून टाकतात. शासकीय आकडेवारीनेही दीर्घकाळ हेच केले. पहिली गोष्ट मोजली की तिसरी आपोआप मोजली गेली, असे गृहीत धरले गेले. हे गृहीतक कसे मोडले आणि ते मोडण्यासाठी वापरलेली चार-दहा ओळींची संहिता कोणत्या भाषेत बोलते, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांच्या कक्षेत येतो. त्याच्या विचारासाठी जबलपूर जिल्हा सोयीचा आहे.

उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि संरक्षण साहित्याचे कारखाने यांमुळे जबलपूर शहराची गणना मध्य प्रदेशातील शिकलेल्या शहरांत होते. जिल्ह्याची सरासरी काढली की शहराचे हे वजन तिच्यात उतरते. पाटण, शहापुरा, सिहोरा, मझौली या भागांतील खेडी आणि विशेषतः पूर्वेकडे दिंडोरी-मंडल्याच्या दिशेने पसरलेला कुंडमचा गोंडबहुल परिसर त्या सरासरीत दिसेनासा होतो. ग्रामीण भाग स्वतंत्रपणे मोजल्यावाचून या जिल्ह्याविषयी काही बोलणे व्यर्थ आहे.

मोजण्याची पहिली रीत जनगणनेची. सात वर्षे व त्यावरील वयाची जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू व लिहू शकते ती साक्षर, अशी व्याख्या १९९१ पासून रूढ आहे. परंतु प्रगणक कोणाला वाचून दाखवावयास सांगत नाही. घरातील माणसाने सांगितले ते तो लिहून घेतो. दुसरी रीत शाळेच्या पटाची. पटसंख्येवर शिक्षकांची पदे, मध्यान्ह भोजनाचे धान्य आणि गणवेशाचा निधी अवलंबून असल्याने पट फुगण्याकडे झुकतो. एकच मूल सरकारी व खाजगी अशा दोन्ही शाळांत नोंदलेले असणे हेही अपरिचित नाही.

पटाचे हे फुगलेपण मध्य प्रदेशाने स्वतःच उघड केले, हे त्या राज्याच्या श्रेयाकडे जमा करावयास हवे. १९९६ मध्ये ‘लोकसंपर्क अभियाना’त घरोघरी जाऊन मुलांची मोजणी झाली आणि शाळेबाहेरील मुले कागदोपत्री दिसत होती त्याहून कितीतरी अधिक निघाली. यातूनच १ जानेवारी १९९७ ची शिक्षण हमी योजना आली. एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि मुले आदिवासी भागात किमान २५, अन्यत्र ४० आहेत, अशा वस्तीने मागणी केली की ९० दिवसांत शाळा देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घेतले. गावातून निवडलेल्या शिक्षकास ‘गुरुजी’ म्हणत. पुढे सर्व शिक्षा अभियान आणि २०१० पासून अंमलात आलेला शिक्षणहक्क कायदा यांनी पटनोंदणीचा प्रश्न बव्हंशी मिटवला. २०२४ मध्ये ग्रामीण भारतातील ६ ते १४ वयोगटातील ९८.१ टक्के मुले पटावर होती. हजेरीचे तसे नाही. शाळाभेटीच्या दिवशी प्रत्यक्ष डोकी मोजली असता मध्य प्रदेशाची हजेरी सातत्याने राष्ट्रीय सरासरीच्या खाली आढळत आली आहे.

घरोघरी जाऊन वाचनाची मोजणी मात्र २००५ पर्यंत व्यापक प्रमाणावर झाली नव्हती. १९९० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत माधव चव्हाण प्रभृतींनी सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने त्या वर्षी ‘असर’ सर्वेक्षण आरंभले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून हिंदी-उर्दूतील ‘परिणाम’ हा अर्थ साधणारे हे नाव आहे. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात ३० गावे आणि प्रत्येक गावात २० घरे, अशी सहाशे घरे निवडली जातात. चाचणी शाळेत होत नाही, घरी होते. जे मूल आज शाळेत आले नाही, किंवा कधीच गेले नाही, तेही मोजले जावे हा हेतू त्यामागे आहे.

चाचणीचा कागद एकच असतो. त्यावर अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. आरंभ परिच्छेदापासून होतो. तो जमला तर गोष्ट. न जमला तर शब्द, आणि तेही न जमले तर अक्षरे. परिच्छेद ‘जमला’ म्हणजे काय, याचा निकष विचारार्ह आहे : तीनहून अधिक चुका नसाव्यात आणि वाचन सावकाश असले तरी वाक्यासारखे व्हावे, शब्दांची सुटी माळ ओढलेली नसावी. मूल ज्या सर्वोच्च पातळीवर टिकते तेवढीच नोंदली जाते.

२००५ च्या पहिल्याच फेरीत ७ ते १४ वयोगटातील ३५ टक्के मुलांना परिच्छेद आणि ५२ टक्के मुलांना गोष्ट वाचता आली नाही, असे आढळले. २०२४ मध्ये ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्क्यांना दुसरीची गोष्ट वाचता येत होती. २०१८ मध्ये हे प्रमाण ५०.५ व महासाथीनंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्के होते. पट जवळजवळ पूर्ण, वाचन निम्मे.

येथे संहितेचा विचार क्रमप्राप्त ठरतो. मध्य प्रदेशात हा कागद हिंदीत आहे. जबलपूरच्या खेड्यातील मुलाची घरची बोली मात्र बुंदेलीच्या वळणाची असते आणि गोंड वस्तीतही व्यवहाराची भाषा पाठ्यपुस्तकी हिंदीपासून अंतर राखून असते. बुंदेलीत ‘घोड़ा’चा ‘घोरो’ होतो, ‘व’च्या जागी अनेकदा ‘ब’ येतो. छापील ‘घोड़ा’ पाहून मुलाने ‘घोरो’ म्हटले, तर ती चूक की वाचन? ज्याने ‘घोरो’ म्हटले त्याने अक्षरे ओळखली, शब्द ओळखला, अर्थही ओळखला, आणि तो आपल्या बोलीत उच्चारला. नेमकेपणाने बोलावयाचे तर हे वाचन आणि भाषांतर एकाच वेळी घडणे होय. ज्याला केवळ अक्षरे जुळवता येतात त्याच्या हातून ही ‘चूक’ होणार नाही. चार वाक्यांत असे चार प्रसंग आले आणि ऐकणाऱ्याने ते चुकांत धरले, तर अर्थ कळणारे मूल ‘शब्द’ या पातळीवर उतरते. निर्णय ऐन वेळी स्वयंसेवकाच्या कानावर असतो. तो त्याच परिसरातील असेल तर त्याला ‘घोरो’ खटकणारही नाही.

हा प्रश्न हिंदीपुरता नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताच्या शाळा हिंदी व मराठी अशा दोन भाषांत चालत. राज्यपुनर्रचनेनंतर बालाघाट एकीकडे व आजचा गोंदिया दुसरीकडे गेला, आणि शेजारच्या गावांतील मुलांपुढे आज दोन वेगळ्या भाषांतील कागद येतात. लिपी एकच, देवनागरी. गोंदियाकडच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. ‘काळा’ हा शब्द मूल ‘कारा’ असा वाचू शकते. बुंदेलीतील ‘ड़’ आणि झाडीबोलीतील ‘ळ’ दोन्ही ‘र’पाशी येऊन थांबतात, आणि दोन्ही राज्यांच्या प्रमाण भाषांना तो ‘र’ मान्य नाही. दोन राज्यांची टक्केवारी शेजारी मांडताना हे दोन कागद समतुल्य आहेत असे मानले जाते. वाक्यांची लांबी आणि पाठ्यपुस्तकाची पातळी यांच्या बाबतीत ही समतुल्यता काळजीपूर्वक राखता येते. बोली आणि प्रमाण भाषा यांतील अंतराच्या बाबतीत ती राखणे कोणाच्याही हाती नाही.

तथापि या मुद्द्यावर अवाजवी भार टाकणे योग्य होणार नाही. सारे अपयश बोलीच्या माथी मारणे सोयीचे असले तरी अंकगणित ते होऊ देत नाही. हातच्याच्या वजाबाकीला ना बुंदेली लागते ना प्रमाण हिंदी. तरीही २०२४ मध्ये ग्रामीण भारतातील तिसरीच्या केवळ ३३.७ टक्के मुलांना ती जमली आणि पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांना भागाकार आला. शिकवणे कमी पडते आहे, हे निःसंशय. भाषिक अंतर त्यात किती भर घालते, एवढाच प्रश्न उरतो.

आकड्यांच्या चढउतारांकडेही सावधपणे पाहावे लागते. २००८ च्या सुमारास मध्य प्रदेशाने वाचनात मोठी झेप घेतल्याचे दिसले. नंतरच्या काही वर्षांत तीच रेषा खाली आली. जिल्ह्याच्या पातळीवर तर अधिकच जपावे लागते. सहाशे घरांत एकेका इयत्तेची मुले थोडीच सापडतात, म्हणून जिल्ह्याचे कोष्टक तिसरी ते पाचवी एकत्र करून दिले जात असे. जबलपूरच्या आकड्यात दोनचार टक्क्यांचा फरक पडला म्हणून कोणास शाबासकी वा दोष देता येत नाही.

हीच पद्धत पुढे पाकिस्तानात गेली, आणि २००९ पासून केनिया, टांझानिया व युगांडा येथे ‘उवेझो’ या नावाने रुजली. स्वाहिलीत त्याचा अर्थ सामर्थ्य असा आहे. तेथेही घरची भाषा व कागदाची भाषा यांतील अंतर हाच अडचणीचा भाग राहिला आहे.

जबलपूरच्या बाबतीत मात्र या अंतराचा पुरावा मिळवण्याची एक वाट बंद आहे. नोंदपत्रकावर मुलाची पातळी लिहिली जाते. ते कोणता शब्द कसा वाचून गेले, हे लिहिण्याचा रकाना त्यावर नाही. ‘घोरो’ ऐकले जाते, ठरवले जाते आणि तेथेच संपते. कुंडम वा मझौलीतील पन्नास-साठ मुलांचे वाचन ध्वनिमुद्रित करून त्यांच्या चुका बोलीच्या व्याकरणाशी पडताळून पाहणे हे सर्वेक्षणाचे काम नव्हे. ते भाषा-साहित्य विभागांचे आहे, आणि त्यासाठी सहाशे घरांची गरज नाही.