पळती, पदक आणि पगार

धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा खो-खोच्या वाट्याला हा सन्मान तब्बल २२ वर्षांनी आला होता. त्याआधीचा पुरस्कार १९९८ सालचा, शोभा नारायण यांचा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवून पहिला विश्वकरंडक जिंकला. त्या संघातली अश्विनी शिंदे धाराशिवची, त्यामुळे जिल्ह्यात मिरवणुका आणि सत्कार झाले. पण या जिल्ह्यातली मुलगी खो-खोत किती वर जाऊ शकते आणि त्यासाठी काय मोजावे लागते, याचा पूर्ण हिशेब सारिकाच्या कारकिर्दीतच सापडतो.

ती मैदानावर आली तेराव्या वर्षी. खो-खो खेळणाऱ्या एका नातलगाने तिला सोबत नेले आणि ती तिथेच रमली. घरची परिस्थिती बेताचीही म्हणता येणार नाही अशी होती. वडिलांच्या शारीरिक मर्यादांमुळे त्यांची कमाई तुटपुंजी. आई शिवणकाम आणि घरकामे करायची. घराचा मुख्य भार आजी-आजोबांच्या मिळकतीवर होता. जवळपास दहा वर्षे आपल्याला दिवसातून एकदाच जेवण मिळत होते, असे सारिकाने पुरस्काराच्या वेळी सांगितले. पोटभर आणि चांगले जेवण मिळायचे ते स्पर्धेला किंवा सराव शिबिराला गेल्यावर.

हा तपशील केवळ हळहळण्याचा नाही, तो खेळाच्या गणिताचा भाग आहे. वरिष्ठ गटात एक पाळी नऊ मिनिटांची असते आणि एका डावात आक्रमणाची एक व संरक्षणाची एक अशा दोन पाळ्या येतात. पळतीला, म्हणजे संरक्षणाला, तीन-तीन जणींची तुकडी उतरते. दोन-अडीच मिनिटे नाबाद राहिलेली खेळाडू संघाचा भार पेलते, आणि त्या वेळात ती बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळण्याची एकेरी साखळी, खांबाजवळची हुलकावणी असे सगळे सतत पूर्ण वेगात करत असते. आक्रमणातही तेच. एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही, बसलेल्या गड्यांची मधली पाटी ओलांडता येत नाही, म्हणून शेवटच्या हातभर अंतरासाठी सूर मारावा लागतो. या खेळाला महागडी साधने लागत नाहीत म्हणून तो गरिबांचा खेळ, असे कौतुकाने म्हटले जाते. साधने लागत नाहीत हे खरे, पण अन्न लागते. आणि २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलेल्या या दुष्काळी जिल्ह्यात नेमकी तीच गोष्ट अनेक घरांत कमी पडत आलेली आहे.

तरीही इथे खो-खो रुजला, याचे मोठे श्रेय प्रशिक्षकांना जाते. सारिकाला घडवणारे चंद्रजित जाधव हे त्यातले ठळक नाव. पालकांची समजूत घालणे, घरची अडचण ओळखणे, खचलेल्या खेळाडूला परत मैदानावर आणणे, ही कामे प्रशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात नसतात. पण जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षकाचा निम्मा वेळ त्यातच जातो.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा प्रथमच समावेश झाला आणि सारिकाच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले. खेळाडूच्या आयुष्यातले हे शिखर म्हणावे असे वर्ष. पण त्याच वर्षी घरची आर्थिक ओढाताण इतकी वाढली की तिने खेळ सोडायचे ठरवले. ती कित्येक दिवस खोलीबाहेर आली नव्हती, हे प्रशिक्षकांना तिच्या आजीकडून कळले. जाधव यांनी समजावल्यावर ती परतली. भारताची सुवर्णपदक विजेती कर्णधार पैशाअभावी खेळ सोडू पाहते, यात त्या खेळाडूची हार नाही. पदक गळ्यात घालून पुढच्या कार्यक्रमाला निघून जाणाऱ्या व्यवस्थेची आहे.

व्यवस्था सोबत असली की काय फरक पडतो, हे पाहण्यासाठी जर्मनीची ज्युदोपटू आना-मारिया वाग्नर हिचे उदाहरण समोर ठेवण्यासारखे आहे. राव्हेन्सबुर्ग या छोट्या शहरातली ही खेळाडू २०२१ मध्ये बुडापेस्टला ७८ किलो गटात जगज्जेती झाली आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक विजेती ठरली. त्यानंतर तिला नैराश्याने गाठले. तिने ते उघडपणे सांगितले आणि काही काळ खेळापासून विश्रांती घेतली. परतल्यावर २०२४ मध्ये अबुधाबीत ती पुन्हा जगज्जेती झाली आणि पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात जर्मनीच्या दोन ध्वजवाहकांपैकी एक होती. पॅरिसमध्ये तिचे पदक हुकले. पण या सगळ्या चढउतारांत ती जर्मन सैन्याच्या क्रीडा योजनेतली सैनिक होती, म्हणजे सराव हेच तिचे कर्तव्य आणि त्याचा पगार ठरलेला. खचण्याची वेळ दोघींवरही आली. एकीला सावरताना घरखर्चाची चिंता नव्हती, दुसरीचे खचणेच घरखर्चातून आले होते.

सारिकाच्या बाबतीत पगार आला तो कारकिर्दीच्या उत्तरार्धात. क्रीडा खात्यात निवड होऊन ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली. २९ ऑगस्ट २०२० रोजी, करोनामुळे प्रथमच दूरदृश्य पद्धतीने झालेल्या समारंभात तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी पुरस्काराची रक्कम ५ लाखांवरून १५ लाख रुपये झाली होती. १९७० मध्ये सुधीर परब आणि १९७१ मध्ये अचला देवरे यांच्यापासून सुरू झालेल्या खो-खोच्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीत अशा प्रकारे धाराशिवचे नाव लागले.

महाराष्ट्रात खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, आणि खो-खोसारख्या खेळात तेच खरे बक्षीस ठरते. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, आशियाई स्पर्धेतही नाही. १९८२ साली दिल्लीत तो केवळ प्रदर्शनापुरता खेळला गेला. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग सुरू झाली, पण तिचे सहाही संघ पुरुषांचे होते. स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९६०-६१ पासून होत असताना लीगच्या वेळी त्या कोणाला आठवल्या नाहीत, हे खटकल्याशिवाय राहत नाही.

नोकरीचे हे मोल विश्वकरंडकानंतर जगजाहीर झाले. महाराष्ट्र सरकारने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि शासकीय नोकरी जाहीर केली. कर्नाटकने दिलेले पाच लाख मात्र त्या राज्याच्या एम. के. गौतम आणि चैत्रा या विजेत्या खेळाडूंनी नाकारले आणि कारण म्हणून महाराष्ट्राकडेच बोट दाखवले. सारिकाच्या पिढीला असा भाव मिळाला नव्हता. अश्विनीच्या पिढीला मिळू लागला आहे, ही समाधानाची बाब आहे.

मात्र ही मदत पदकानंतरची आहे. तेराव्या ते बाविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे शरीर आणि कौशल्य दोन्ही घडण्याच्या काळात, खेळाडूच्या ताटात काय असते याची जबाबदारी आजही प्रशिक्षक, शाळा आणि घर यांच्यावरच पडते. शिबिरातला आहार वर्षातले मोजके दिवस पुरतो. विजेत्यांच्या कोट्यवधींमधला लहानसा वाटा जरी जिल्ह्याच्या मैदानावर रोज येणाऱ्या मुलींच्या दूध-अंड्यांवर आणि शिष्यवृत्तीवर वर्षभर खर्च झाला, तरी सोडून जाणाऱ्या खेळाडूंची संख्या घटेल. सारिका काळे टिकली ती जिद्दीने आणि वेळेवर भेटलेल्या एका प्रशिक्षकामुळे. पुढच्या खेळाडूंना टिकण्यासाठी एवढ्या योगायोगाची गरज पडू नये, हे काम मात्र सरकारचे आणि खो-खो संघटनेचे आहे.