सोंग कोणाच्या घरचं?

(लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण 'घाशीराम कोतवाल'पाशी थांबलो होतो. १९७२ साली तेंडुलकरांनी खेळे, दशावतार, तमाशा, कीर्तन सगळं एका माणसांच्या भिंतीपुढे आणून उभं केलं. पुढे या वाटेला 'थिएटर ऑफ रूट्स' असं नाव पडलं. साहेबाच्या दिवाणखान्यातून आपल्या मुळांकडे परत. पण परतायचं तर आधी घर सोडावं लागतं. शहापूर-मुरबाडकडचा माणूस ते सोडून गेलाच नव्हता.

होळी उलटली की या पट्ट्यात बोहाड्याचे दिवस येतात. जव्हार-मोखाड्याकडे त्याचा जोर जास्त. (२०१४ साली ते तालुके पालघर जिल्ह्यात गेले, ठाणे जिल्हा फाटला, बोहाडा नाही.) उत्सव देवीचा. रात्र चढली की संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग नाचत येतं. आधी गणपती, मग शारदा, मग रामायण-महाभारतातली मंडळी. शेवटी पहाटे देवी आणि म्हैसासुराची लढाई. मुखवटा लाकडाचा, नाहीतर कागदाच्या लगद्याचा. तो बांधला की तोंड बंद. जे काय सांगायचं ते पायांनी. संहिता नाही, पडदा नाही, तिकीट नाही. दोन्ही बाजूंना गाव उभं आणि मधल्या वाटेनं देव चाललेले.

गंमत अशी, की १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा तेही गणपती-सरस्वतीनंच सुरू झालं होतं. दहा वर्षांनी भावे मुंबईला ग्रँट रोडच्या नाटकगृहात पोचले. विलायती धाटणीची इमारत, तिकीट, समोर ओळीनं बसलेला प्रेक्षक. पुढे त्या घरात हे देव हळूहळू नांदीपुरते उरले. बोहाड्यात ते अजून स्वतःच्या पायांनी येतात.

इंग्रजांच्या खानेसुमारीत आदिवासींसाठी 'अ‍ॅनिमिस्ट' असा एक रकाना होता. माणूस हिंदू की आदिवासी, हे एका शब्दात लिहून द्यायचं. वाघदेवाला नारळ देणारा ठाकर रात्री रावण नाचवतो, त्याला कुठल्या रकान्यात बसवणार? बोहाड्याचा हिशेब वेगळा आहे. अमुक सोंग अमुक घराचं. बाप नाचवायचा म्हणून मुलगा नाचवतो. ओळख मुखवट्यात नसते, त्या मानात असते. म्हणूनच तोच मुखवटा संग्रहालयाच्या काचेआड ठेवला की नुसता देखणा दिसतो.

शहरातल्या महोत्सवात हेच सोंग वीस मिनिटांत बसवलं जातं. मला त्यात पाप दिसत नाही. कलावंताला मानधन मिळतं, एसटीचं भाडं सुटतं. फक्त एक बदल होतो, तो पाहण्यासारखा असतो. चारी दिशांना फिरणारं सोंग तिथे एकाच बाजूला तोंड करून नाचू लागतं.

मुरबाडजवळ म्हशाच्या यात्रेत मात्र गावच्या मोकळ्या रानातच तमाशाचा तंबू लागतो, आणि दारावर तिकीट असतं. पौष पौर्णिमेच्या त्या यात्रेत पुढच्या आठवड्यात जाऊ.