कामाशिवायही चालू या

आपली माणसं चालत नाहीत असं कोण म्हणेल? नळावर, रेशनच्या रांगेला, स्टेशनवर, चार घरची धुणीभांडी करायला. दिवसभर पायपीटच असते. तरीही तपासणी केली की शुगर आणि बीपी वाढलेलं निघतं, अशी घरं वस्तीत कमी नाहीत. ही पायपीट घाईची, ओझ्याची आणि तुटक असते. उरलेला वेळ मशीनपुढे किंवा गाडीवर बसून जातो. मनाला तर विसावा नसतोच.

म्हणून आम्ही वस्तीतले काही जण रविवारी सकाळी विहारात वंदना आटोपली की लोकल पकडतो. मुंबईतल्या एखाद्या स्टेशनवर उतरतो आणि पाय नेतील तिकडे चालतो. कुठं पोहोचायचं ते ठरवत नाही.

एका रविवारी सीएसएमटीला उतरलो. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या जुन्या इमारतींखाली कमानींचे व्हरांडे आहेत, त्यामुळे उन्हातही सावलीतून चालता येतं. त्याच रस्त्यावर आनंद भवन दिसलं. बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेलं सिद्धार्थ महाविद्यालय ते हेच, असं मुलांना दाखवलं. पुढे हुतात्मा चौक, मग राजाबाई टॉवरच्या समोरचं ओव्हल मैदान. तिथं पोरांचं क्रिकेट बघत थोडं थांबलो. तसंच पश्चिमेला गेलो तर मरीन ड्राइव्ह आणि समोर समुद्र!

आमच्यातल्या एका मावशींनी फोर्टमध्ये वीस वर्षं ऑफिसची झाडलोट केली. स्टेशन ते ऑफिस आणि ऑफिस ते स्टेशन, एवढीच त्यांची मुंबई. समुद्र तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे हे ठाऊक होतं, पण कट्ट्यावर निवांत बसल्या त्या पहिल्यांदाच. आपल्या आयाबहिणींना बिनकामाचं बाहेर पडायला कधी मिळतच नाही, हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

बुद्धांनीही चंक्रमणाचे म्हणजे चालण्याचे फायदे सांगितले आहेत. अंगुत्तर निकायातल्या चंकम सुत्तात ते पाच दिले आहेत : प्रवासाची ताकद येते, कष्ट सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेलं नीट पचतं आणि मिळवलेली एकाग्रता टिकते. आजचं वैद्यकशास्त्रही याच वाटेनं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम करावा. चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे. एका रविवारी सगळी कसर भरून निघत नाही. रोज जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललं तर साखर आटोक्यात राहायला मदत होते.

ठिकाण ठरवलं नाही तरी काही गोष्टी ठरवाव्यात. निघण्याची आणि परतण्याची वेळ पक्की असावी. ऊन चढायच्या आत फिरणं संपवावं. वाट चुकली तर घाबरू नये. जवळचं रेल्वे स्टेशन कुठलं, एवढं विचारावं. अर्ध्यापाऊण तासानं बसावं, पाणी प्यावं. स्टेशन सोडण्याआधी बायकांनी तिथलं स्वच्छतागृह वापरून घ्यावं, कारण पुढे ते सहज सापडत नाही.

मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी किंवा चावणाऱ्या चपला घालून चालू नये. साखरेच्या गोळ्या किंवा साखरेची पुडी जवळ ठेवावी. थरथर सुटली, घाम फुटला तर लगेच साखर खावी. घरी आल्यावर तळपाय नीट बघावेत, जखम असली तरी जाणवत नाही. छातीत दुखलं, दम लागला तर तिथंच थांबावं आणि उशीर न करता दवाखाना गाठावा. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

रस्त्यावरून मोकळेपणी चालता येणं हेही आपल्या लोकांना सहज मिळालेलं नाही. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावं म्हणून केरळात वायकोमला १९२४-२५ साली सत्याग्रह करावा लागला होता. मोठ्या इमारतींच्या फूटपाथवरून जाताना आपण अंग चोरून का चालावं? येत्या रविवारी शेजारच्या दोन घरांना हाक मारा. पाण्याची बाटली घ्या, आजीला आणि पोरांना सोबत घ्या आणि निघा.