दाढ ठणकायच्या आधी

दातांच्या दवाखान्याला अडाणी माणसंच घाबरतात, हा पहिला गैरसमज, आणि तो बहुतेक शिकलेल्यांचा आहे. जालना-भोकरदन रस्त्यावरच्या राजूरसारख्या गावात दाढेबद्दल जे बोललं जातं, त्यातली बरीचशी निरीक्षणं खरी असतात. दाढ काढताना कुणाला ब्रह्मांड आठवलं, हे खरं असतं. दात साफ करून घेतल्यावर कुणाला दात हलल्यासारखे वाटले, हेही खरं. वरची दाढ काढली आणि वर्षा-दोन वर्षांत म्हाताऱ्याला दिसेनासं झालं, हे सांगणाराही खोटं बोलत नसतो. चूक होते ती कारण लावताना. म्हणूनच ‘काही दुखत नाही, उगाच घाबरता’ असं म्हणून ही भीती जात नाही. ज्याने दुखणं डोळ्यांनी पाहिलंय, त्याला ती शुद्ध थाप वाटते. दुखलं का, हलले का, दिसेनासं का झालं, याचा उलगडा केला तरच काही साधेल.

वेदनेपासूनच सुरुवात करू. हल्ली दात बधिर करायला लिग्नोकेन वापरतात. स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केलं आणि १९४८ पासून ते बाजारात आलं. निरोगी किंवा नुकत्याच किडू लागलेल्या दाताला हे औषध इतकं लागू पडतं की रुग्णाला दाब आणि मशीनचा आवाज तेवढा जाणवतो. पण पू झालेल्या, सुजलेल्या जागी ते कमी चालतं, ही गोष्ट रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही. औषध नसेच्या आवरणातून आत शिरलं तरच काम करतं. संसर्गाच्या जागी आम्लता वाढलेली असते आणि त्यामुळे आत शिरू शकणारा औषधाचा भाग घटतो. डॉक्टरांकडे यावर उपाय आहेत: नस सुजेपासून दूर, वरच्या टप्प्यावर बधिर करायची, दाताच्या कडेने जादा मात्रा द्यायची, आधी पू काढून टाकायचा. तरी साध्या किडलेल्या दाताइतकं ते सोपं राहत नाही. आता आपल्याकडे माणूस दवाखान्याची पायरी चढतो कधी ते बघा. गार पाणी लागायला लागलं, तर कोमट पिऊ. घास अडकतो, काडीने काढू. रात्री ठणका सुरू झाला की लवंग, मग मेडिकलवरची गोळी, मग दाढेखाली तंबाखूची चिमूट. गाल सुजून डोळा मिटायला लागला की जालन्याची गाडी. म्हणजे औषध ज्या अवस्थेत सगळ्यात कमी चालतं, नेमकं तेव्हा तो खुर्चीत बसतो, कळवळतो आणि गावात येऊन सांगतो. ऐकणारे मग त्याच्याहूनही उशिरा जातात. भीतीने टाळाटाळ, टाळाटाळीने बिघाड, बिघाडाने तातडीचा त्रासदायक उपचार आणि त्यातून पुन्हा भीती, हे चक्र स्वीडनमधल्या उल्फ बर्गग्रेन यांनी १९८४ मध्ये मांडलं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या पाहण्यांतही ते दिसलं. तेव्हा हा काही मराठवाड्याचा खास दोष नाही. फक्त दवाखाना जितका लांब, तितकं हे चक्र घट्ट होतं.

ठणका आपोआप थांबला की दाढ बरी झाली, ही समजूत याच चक्रातली आणि तिच्यासारखी घातक दुसरी नाही. दाताच्या आत मऊ गर असतो, त्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. कीड गरापर्यंत गेली की ठणका लागतो आणि गर मेला की थांबतो. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात. काही महिन्यांनी तिथेच गळू होतं. लवंगेने बरं वाटतं हे खरंच आहे. तिच्यातलं युजेनॉल दातांचे डॉक्टरही तात्पुरत्या सिमेंटमध्ये वापरत आले आहेत. पण ते ठणका दाबतं, पोकळी भरत नाही. आणि कीड म्हणजे वळवळणारा किडा नव्हे. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ सालच्या ग्रंथातच दातात किडा सापडत नाही असं नोंदवलं होतं. साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, ते दात विरघळवतं. जत्रेत, बाजारात नळी लावून दातातले किडे काढून दाखवणाऱ्याच्या हातचलाखीपुढे ही माहिती फिकी पडते, हे कबूल केलं पाहिजे.

डोळ्याची समजूत समजून घेण्यासारखी आहे. वरच्या दातांची संवेदना नेणारी नस डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी असलेल्या खाचेतून जाते. त्यामुळे वरची दाढ ठणकली की डोळ्याखाली कळ येते आणि सूज आली की पापणी जड होते. पण दृष्टीची नस अगदी वेगळी. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या क्रमात ती दुसरी, दातांची पाचवी, आणि दात काढताना हात दृष्टीच्या नसेच्या आसपासही पोचत नाही. दात पडण्याचं वय आणि मोतीबिंदूचं वय एकच, म्हणून दोन्ही गोष्टी पाठोपाठ घडतात आणि दोष दाढेच्या माथी येतो. उलट पिकलेली वरची दाढ तशीच ठेवली तर संसर्ग डोळ्याच्या खोबणीकडे पसरण्याचा धोका असतो. असं क्वचित होतं, पण डोळ्याला दातापासून खरा धोका असलाच तर तो या बाजूने.

दात साफ करून घेतल्यावर ते हलतात, या तक्रारीतही तथ्य आहे, फक्त क्रम उलटा. दातांच्या मुळाशी वर्षानुवर्षं दगडासारखा थर साचतो. तो हिरडीला सुजवतो, खालचं हाड झिजवतो आणि शेजारच्या दातांना सिमेंटसारखा धरूनही ठेवतो. थर काढला की आधीच सैल झालेला दात सैल असल्याचं कळतं, फटी दिसतात, आठवडाभर गार पाणी झोंबतं. हाड गेलं ते थरामुळे. मिसरीचं उदाहरण याला जोडूनच घ्यायला हवं, कारण मराठवाड्यातल्या पुष्कळ बायका ‘हिरड्या घट्ट राहाव्यात’ म्हणून ती लावतात. भाजलेल्या तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे रक्त कमी येतं आणि हिरडी बरी वाटते, पण आतला रोग वाढतच असतो. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजलेल्या मिसरीला ती कशी लागू होणार?

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला पैशाचा आणि वेळेचा. दुखत नसताना मजुरी बुडवून जालन्याला कोण जाईल? हिशेब असा की गरापर्यंत न गेलेला दात एका खेपेत भरून होतो. गर सडला की रूट कॅनॉल, मग टोपी, म्हणजे अनेक खेपा आणि कित्येक पट खर्च. आणि दात काढून टाकला तरी शेजारचे दात रिकाम्या जागेत कलंडतात, समोरचा खाली उतरतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, तेव्हा भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सक कोणत्या दिवशी बसतात, एवढी चौकशी आधी करावी. गुंतागुंतीच्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे वेळ जास्त जातो आणि शिकाऊ डॉक्टरांचे हात लागतात, हे खरं. पण त्यांच्या मागे प्राध्यापक उभे असतात आणि घाईने दाढ उपटण्यापेक्षा ते बरं.

दुसरा आक्षेप असा की खासगी डॉक्टर पैशासाठी नको ते काम सांगतात. हा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही, म्हणून डॉक्टर पारखून घ्यावा. दातांचा धंदा करायला कायद्यानुसार नोंदणी लागते. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, नावापुढे बीडीएस किंवा एमडीएस आहे का, हे वाचायला लाजायचं कारण नाही. रूट कॅनॉल सांगितलं तर एक्स-रे दाखवा म्हणावं. कीड काळसर सावलीसारखी दिसते, ती दाताच्या मधल्या पोकळीला भिडली आहे का हे सामान्य माणसालाही दाखवता येतं. एका दाताच्या एक्स-रेचे किरण हे आपल्याला निसर्गातून दिवसभरात मिळतात त्याहूनही कमी असतात, तेव्हा त्याची धास्ती नको. अवजारं ऑटोक्लेव्हमधून काढता का, हेही विचारावं. कुकरच्याच तत्त्वावर, दाबाखालच्या १२१ अंशांच्या वाफेत ती पंधरा-वीस मिनिटं ठेवतात. पातेल्यात नुसती उकळलेली अवजारं निर्जंतुक होत नाहीत आणि कावीळ ब रक्तातूनही पसरते. या प्रश्नांवर जो डॉक्टर चिडतो, त्याच्या खुर्चीत बसू नये, मग त्याची कीर्ती कितीही असो.

भित्र्या माणसाला डॉक्टर योग्य आहे की नाही ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं. ‘मला सुईची भीती वाटते’ हे आल्याआल्या सांगावं. चांगला डॉक्टर त्यावर हसत नाही, आधी हिरडीला बधिर करणारं मलम लावतो, सुई हळू देतो आणि औषध चढेपर्यंत थांबतो. डावा हात वर केला की काम थांबवायचं, असं आधी ठरवून घ्यावं. हात वर न करताही पुष्कळांची भीती निम्मी होते, कारण खुर्चीत खरा त्रास असतो तो आपल्या हातात काहीच नसण्याचा. लहान मुलांसाठी आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही पद्धत १९५९ पासून रूढ आहे आणि ती मोठ्यांनाही चालते. पहिल्या खेपेला नुसती तपासणी आणि सफाई करून घ्यावी. मुलांना तर ‘गप बस, नाहीतर डॉक्टर सुई देतील’ ही धमकी बंदच करावी. जिल्हा परिषदेच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातही बघतं. त्याने चिठ्ठी दिली तर ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ म्हणून ती दप्तरात ठेवू नये. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालच्या पक्क्या दाताची जागा राखतात.

जाताना पोटभर जेवून जावं, उपाशीपोटी सुई घेतली की चक्कर येते आणि तिचा दोष औषधाला मिळतो. साखर, रक्तदाब, हृदय यांच्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचा म्हणून परस्पर बंद करू नये, ते डॉक्टरांना ठरवू द्यावं. आणि जबड्याखाली सूज येऊन तोंड उघडेनासं झालं, गिळताना किंवा श्वास घेताना अडायला लागलं, तर लवंग, गोळी, उद्या बघू, यातलं काहीही न करता त्याच रात्री गाडी काढावी.