बातमीत काय गाळले?

“चोरीप्रकरणी एक संशयित ताब्यात.” अशी बातमी आपण नेहमी वाचतो. पण त्याचे नाव नसते, तोंडही झाकलेले असते. मग कट्ट्यावर कुणीतरी म्हणतो, “नाव का लपवलं? ह्यात काहीतरी काळंबेरं आहे!”

दर वेळी काळेबेरे नसते. आरोपी अठरा वर्षांच्या आतला असला, तर त्याचे नाव-गाव छापायला कायद्याची बंदी आहे. तोंड झाकतात त्याचेही कारण आहे. पुढे ओळख परेड होते. बऱ्याच माणसांत आरोपीला उभे करतात आणि साक्षीदाराने त्याला ओळखायचे असते. फोटो आधीच छापला, तर वकील कोर्टात म्हणणार, “साक्षीदारानं फोटो बघून ओळखलं!” मग खटला लंगडा पडतो.

शब्दही नीट वाचावेत. पोलिसांना शंका येते तो संशयित. ज्याच्यावर आरोप ठेवला तो आरोपी. कोर्टाने दोषी ठरवला तोच गुन्हेगार.

पण फरारी माणूस शोधायचा असेल, तर त्याचे वय, उंची, कपडे, अंगावरची खूण छापलीच पाहिजे. ते गाळले आणि नुसते ‘परगावचे भिकारी’ असे छापले, तर त्यात शेकडो निरपराध माणसे बसतात.

ह्याचा परिणाम काय होतो पाहा. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळीची आवई मोबाईलवरून उठली. एक चित्रफीतही देशभर फिरली. तिच्यात मोटारसायकलवरचे दोघे एक पोर उचलून नेतात. खरे म्हणजे ती कराचीत लोकांना सावध करण्यासाठी मुद्दाम बनवलेली होती. शेवटी ते दोघे पोर परत आणून सोडतात. नेमका तो शेवटच कुणीतरी कापला होता! मूल कोणत्या गावचे, फिर्याद कोणत्या ठाण्यात, काही म्हणता काही पत्ता नव्हता.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला बाजार भरला होता. तिथे डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागायला आली. ‘हीच ती टोळी’ म्हणून जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. पाचांपैकी एकानेही कुणाचे मूल पळवलेले नव्हते. पाच घरांचा आधार एका दुपारी गेला.

आपल्या पन्हाळा तालुक्यातही जोतिबाच्या चैत्र यात्रेला मुलखाची माणसे येतात. त्यांतली बहुतेक आपल्याला अनोळखीच. म्हणून बातमी वाचली की आधी विचारा: गुन्हा कुठे घडला? नोंद कोणत्या ठाण्यात आहे? माणसाची खूण काय? उत्तर मिळाले नाही, तर ती बातमी पुढे सांगू नका. कुणाचा संशय आलाच, तर ११२ नंबर फिरवा आणि पोलीस येईपर्यंत त्या माणसाच्या अंगाला हात लावू देऊ नका.